उजनीच्या बेटांभोवती एकट्याने दिवसभर कयाक: किलोमीटर सोड, आधी वारा बघ

तुझा प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पवनेला आणि गोव्याला मिळून सात-आठ वेळा कयाक चालवलंय, आता स्वतःचं हवा भरायचं कयाक घेतलंय, जानेवारीत एक दिवस सुट्टी टाकून भिगवणच्या बाजूने उजनी धरणाच्या पाण्यात उतरायचं, बेटांना वळसे घालत पळसदेवच्या जुन्या देवळापर्यंत जायचं आणि अंधार पडायच्या आत परत, तेही एकट्याने. दिवसाला किती किलोमीटर जमतील आणि सोबत काय न्यायचं असं विचारलंय. दादा म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. चौदा वर्षं झाली मला या पाण्यात जाऊन येऊन, त्यातली निम्म्याहून जास्त वेळा एकटाच गेलोय, त्यामुळे एकट्याने जाऊ नको वगैरे मी सांगणार नाही, मी कुठल्या तोंडाने सांगू. पण तुझा प्लॅन आहे तसा जमणार नाही, ते आधीच सांगून टाकतो.

पहिली गोष्ट, भिगवण ते पळसदेव रस्त्यानेच पंधरा-वीस किलोमीटर भरतं. पाण्यावर काठाच्या खाचाखोचा आणि बेटांचे वळसे धरले तर त्याहून जास्त, आणि मग तेवढंच परत. हवेच्या कयाकला शांत पाण्यात ताशी चार किलोमीटर म्हणजे चांगला वेग झाला. समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा लागला की तेच कयाक ताशी एक-दीडवर येतं, आणि वल्हवायचं थांबलास की मागे जायला लागतं. हवेचं कयाक पाण्यावर उंच बसतं, पाण्याखाली त्याला धरून ठेवणारं फारसं काही नसतं, म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने तो एक फुगाच आहे. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वारा दुप्पट झाला की ढकलणारा जोर चौपट. सकाळी सातला जो माणूस बारा किलोमीटर आरामात मारू शकतो त्याच माणसाला दुपारी दोन वाजता दोन किलोमीटर मारताना घाम फुटतो. म्हणून किती किलोमीटर जमतील याला उत्तरच नाहीये, वारा किती आहे ते सांग मग मी किलोमीटर सांगतो.

तेव्हा पळसदेवचं देऊळ या दिवसातून काढून टाक. ते वेगळ्या दिवशी, पळसदेवच्याच काठावरून उतरून कर, आणि तेही धरणाची पातळी बघून. पळसनाथाचं ते जुनं दगडी देऊळ धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलं, पाणी भरपूर असेल तर फार तर शिखर दिसतं, पाणी उतरलं की हळूहळू वर येतं आणि दुष्काळी वर्षी तर लोक चालत जाऊन बघून येतात. मधली जी अवस्था असते, देऊळ उघडं आणि चहूबाजूंनी पाणी, ती कयाकवाल्याची खरी मजा. पण जानेवारीत ती मिळेलच असं नाही. आणि मिळालीच तर भोवतीने फेरी मार, लांबून फोटो काढ, दगडांवर चढू नको, इतकी वर्षं पाण्यात आत-बाहेर झालेलं बांधकाम आहे ते.

आता पातळीचं. आमच्याकडे दोन माणसं भेटली की नमस्काराआधी 'उजनी किती टक्के' विचारतात, तूही तेच विचारायला शिक. धरणात एकूण पाणी मावतं साधारण ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), पण त्यातलं जेमतेम साडेत्रेपन्न टीएमसी वापरायचं म्हणजे उपयुक्त, बाकीचं सगळं मृतसाठा. पेपरात येणारी टक्केवारी असते ती उपयुक्त साठ्याची. त्यामुळे शून्य टक्के म्हटलं तरी धरणात साठ टीएमसीच्या वर पाणी असतं, आणि त्याखाली गेलं की 'उजनी मायनसमध्ये गेली' म्हणतात. पुण्यामुंबईकडच्या लोकांना हे ऐकून हसू येतं, उणे टक्के पाणी कसं असेल म्हणून. २०२४ च्या उन्हाळ्यात उणे साठच्या आसपास गेलं होतं. तुझ्या कामाची गोष्ट ही की इथली बेटं कायमची नाहीत. शंभर टक्क्यांना जिथे नुसतं पाणी आणि बुडालेल्या बाभळींचे शेंडे असतात तिथे साठ टक्क्यांना बेट असतं, आणि वीस टक्क्यांना तेच बेट काठाला जोडून त्यावर कोणीतरी गाळपेर करून, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळातच पेरून, कलिंगडं लावलेली असतात. गूगलच्या नकाशावर बेट बघून गेलास तर तो फोटो कुठल्या महिन्यातला आहे देव जाणे. मी काय करतो, युरोपियन लोकांचा सेंटिनेल-२ नावाचा उपग्रह आहे, त्याचे फोटो कोपर्निकस ब्राउझरवर फुकट बघायला मिळतात आणि दर पाच दिवसांनी नवा येतो. निघायच्या आदल्या आठवड्यातला ढग नसलेला फोटो उघडायचा, बेटं कुठे आहेत, गाळाचा चॉकलेटी पट्टा कुठे आहे, जलपर्णीचा हिरवा तवंग कुठे साचलाय, सगळं दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट मोबाईलमध्ये घ्यायचा आणि एक प्रिंट प्लॅस्टिकमध्ये घालून कयाकमध्ये.

प्रिंट कशाला तर पाण्यावर बसल्यावर तुझा डोळा पाण्यापासून पाऊण मीटर उंच असतो. तेवढ्या उंचीवरून क्षितिज जेमतेम तीन किलोमीटरवर येतं. म्हणजे गाळाचं बुटकं बेट त्याच्या पलीकडे असेल तर त्याचा पाण्यालगतचा काठ तुला दिसतच नाही, आणि जे दिसतं ते मागच्या काठाला चिकटून एकच रेघ दिसते, बेट कुठे संपलं आणि काठ कुठे सुरू झाला कळत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याची हमखास फजिती होते ती येताना, कारण जाताना कोणी मागे वळून बघत नाही. उतरलास की शंभर वल्ह्यांवर थांब, मागे वळ, आपली गाडी जिथे लावलीये त्याच्या डोक्यावर काय दिसतंय ते लक्षात ठेव. मोबाईलचा टॉवर, कारखान्याचं धुराडं, पाण्याची टाकी, काहीतरी उंच. झाडावर खूण ठेवू नको, सगळ्या वेड्या बाभळी सारख्याच दिसतात. मग परत पाचशेवर वळ, परत बघ.

आता वारा, यावर जरा जास्त लिहितो कारण सगळा दिवस यावरच ठरतो.

हिवाळ्यात सकाळी पाणी तेलासारखं असतं. साधारण दहा-अकरापर्यंत तसंच राहतं, मग ऊन तापलं की वारा उठतो, दुपारी एक ते चार सगळ्यात वाईट, आणि सूर्य कलायला लागला की बऱ्याचदा पडतो. जानेवारीत वारा बहुतेक वेळा पूर्वेकडचा, म्हणजे करमाळ्याच्या बाजूने इंदापूरच्या बाजूला. भिगवण, कुंभारगाव, पळसदेव हा सगळा काठ इंदापूरच्या बाजूचा, त्यामुळे हिवाळ्यात काही बिनसलं तर वारा तुला आपल्याच काठाकडे ढकलतो. एकट्याने जायला जानेवारी बरा म्हणतो तो यासाठी, थंडी आणि फ्लेमिंगो हे नंतरचं. हेच तू एप्रिल-मेमध्ये केलंस तर वारा पश्चिमेचा, तो तुला काठापासून उचलून मधल्या उघड्या पाण्यात नेतो, आणि वर वळवाचा भरवसा नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी प्रवासी बोट अशाच अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. रोज ये-जा करणारी माणसं होती ती, पाणी नवीन नव्हतं त्यांना. त्यामुळे मे महिन्यात मी दुपारनंतर उजनीत कयाक घालत नाही आणि ईशान्येला काळं दिसलं तर सकाळीही नाही.

विंडी ॲपवर बघतोस तर फक्त वाऱ्याचा आकडा बघू नको, झोताचा, म्हणजे मध्येच येणाऱ्या जोराच्या झपक्याचा आकडा वेगळा दिलेला असतो तो बघ. मी हवेच्या कयाकसाठी झोत ताशी पंधरा किलोमीटरच्या वर दिसला की उघड्या पाण्यात जात नाही, काठाकाठाने जातो. आणि ॲप काहीही म्हणो, पाण्यावर पांढरे ठिपके दिसायला लागले, म्हणजे लाटेच्या डोक्यावर फेस फुटायला लागला, की तिथून तुझं परतीचं घड्याळ सुरू झालं असं समज. पहिला फेस दिसला की वळायचं, दहावा दिसेपर्यंत थांबायचं नाही. अजून एक जुनी पद्धत, सकाळी निघताना वाऱ्याच्या तोंडावर जा. नवीन माणूस उलटं करतो, पाठीवर वारा घेऊन मजेत पाच किलोमीटर जातो, वाटतं वा काय वेग आहे आपला, आणि वळल्यावर कळतं की तो वेग आपला नव्हताच. पूर्वेकडचा वारा अंदाजात असेल तर सकाळी ताज्या दंडाने पूर्वेकडचं लांबचं बेट गाठायचं, आणि घरी येताना वारा पाठीशी.

बेटाला वळसा घालण्याचं पण एक तंत्र आहे. बेटाच्या आडोशाला पाणी शांत असतं, तिथे गेलं की माणूस निवांत होतो, पाणी पितो, फोटो काढतो, आणि त्याच निवांतपणात बेटाच्या टोकाला येतो. टोकाला वारा दोन्ही बाजूंनी वळून जोरात निघतो आणि दोन्हीकडच्या लाटा वाकून एकमेकींवर आपटतात. छोट्या बेटाच्या मागे तर तू आडोशात आहेस असं वाटत असतानाच डावीकडून आणि उजवीकडून लाट येते. म्हणून टोक यायच्या आधी थांब. टोपीची दोरी आवळ, मोबाईल आत टाक, बाटली बंद कर, पाय नीट टेकव, आणि मग टोक ओलांड, तेही काठाला चिकटून नाही, वीस-तीस मीटर सोडून, कारण तिथे दगड असतात आणि लाट तुला त्यांच्यावर नेते. वळायचं असेल तर लाट खाली आल्यावर नको वळू, लाटेच्या डोक्यावर असताना वळ, तेव्हा कयाकची दोन्ही टोकं मोकळी असतात आणि एका वल्ह्यात काम होतं. आणि वल्हं पाण्यात ठेव. घाबरलेला माणूस वल्हं हवेत धरून बसतो आणि तिथेच उलटतो, पाण्यातलं वल्हं म्हणजे तिसरा पाय आहे.

आता माझी फजिती सांगतो, कारण एकट्याने जाणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

२०१६ चा फेब्रुवारी. साडेदहाच्या सुमारास एका मुरमाड बेटावर उतरलो, कयाक अर्धं वर ओढलं, अर्धं पाण्यात. दोरी बांधायची तर बेटावर झाड नव्हतं, म्हटलं पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. थर्मासमधला चहा काढला, भाकरी सोडली, पाठ वाऱ्याकडे करून बसलो. भाकरीचा दुसरा घास घेताना खर्रर्र असा आवाज आला, मुरमावर प्लॅस्टिक घासल्याचा, बारीकसाच. वळून बघतो तर कयाक पाण्यात, माझ्यापासून चार हात लांब. धावलो, गुडघाभर पाण्यात गेलो, तोपर्यंत दहा हात. कंबरभर, तोपर्यंत वीस. अंगावर लाइफ जॅकेट होतं म्हणून पोहायला लागलो, मला पोहता येतं, नदीकाठचा माणूस आहे मी, पण रिकामं कयाक वाऱ्यावर माणसापेक्षा जोरात पळतं, हे तोवर कोणी सांगितलं नव्हतं. शंभर एक मीटर पोहल्यावर अंतर वाढतच चाललंय हे दिसलं आणि मी परत फिरलो. ते परत फिरणं हा त्या दिवशी घेतलेला एकमेव शहाणा निर्णय. बेटावर आलो तर माझ्याकडे अर्धी भाकरी, थर्मासचं झाकण आणि गळ्यातली शिट्टी. मोबाईल कयाकमध्ये, पाणी कयाकमध्ये, चपला कयाकमध्ये. दोन तास शिट्टी वाजवली. शेवटी जाळी उचलायला आलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं होडीतून आलं, माझं कयाक त्यांना आधीच एका बाभळीत अडकलेलं सापडलं होतं आणि ते मालक शोधत होते. बाई काही बोलल्या नाहीत, बुवा फक्त म्हणाले, "जनावर बांधल्याबिगर सोडत्यात व्हय कुणी."

तेव्हापासून नियम आहेत. झाड नसेल तर दोरी स्वतःच्या कंबरेला किंवा मोठ्या दगडाला. कयाक पूर्ण पाण्याबाहेर. मोबाईल, शिट्टी, गाडीची किल्ली आणि अर्धा लिटर पाणी अंगावर, कयाकमध्ये नाही. दोघंजण असले की एकाचं कयाक गेलं तर दुसरा आणून देतो, एक उलटला तर दुसरा त्याचं कयाक धरून ठेवतो. एकटा असलास की तुला दोनच हात, आणि प्रत्येक भानगड त्या दोन हातांत निस्तरता आली पाहिजे.

त्यामुळे तू विचारलं नाहीस तो प्रश्न मीच विचारतो, उलटल्यावर पाण्यातून परत चढता येतं का तुला? पवनेला सात-आठ वेळा गेलास म्हणजे लाइफ जॅकेट घालून काठाजवळ फिरलास, शिट्टीवाला माणूस काठावर उभा. उलटला नसशीलच. तर जायच्या आधी दोन रविवार यात घाल. मित्राला घे, छातीभर पाण्यात सुरू कर, मग पाय टेकणार नाहीत अशा ठिकाणी. मुद्दाम उलट. आधी कयाक पकड, मग वल्हं, बाकी सगळं वाहून गेलं तरी चालेल. कयाक सरळ कर, बाजूने पलीकडच्या पट्ट्याला हात घाल, आणि इथे सगळे चुकतात, हाताने स्वतःला वर ओढायला जातात आणि कयाक अंगावर घेतात. पाय मागे पाण्याच्या वर आण, पोहताना मारतो तसे मार, अंग आडवं झालं की पोटावर सरकत कयाकवर ये, मग कूस वळव, बूड आधी आत, पाय शेवटी. हे लागोपाठ तीनदा करता आलं, तेही जॅकेट आणि पूर्ण कपडे घालून, दमलेला असताना, तरच एकट्याने जा. दोनदा जमलं आणि तिसऱ्यांदा लटकलास तर अजून एक महिना थांब, उजनी कुठे जात नाही. फार तर मायनसमध्ये जाईल.

लाइफ जॅकेट टुरिस्ट बोटीत मिळतं तसलं केशरी ठोकळ्यांचं नको. पाण्यात पडलं की ते वर सरकून कानाशी येतं आणि पुन्हा चढताना पोटाशी अडतं. वल्हवायला बनवलेलं, खांद्याला मोकळं, कंबरेला पट्टे आवळता येणारं घे, आणि पट्टे आवळून मित्राला खांद्यापासून वर ओढायला सांग, हनुवटीपर्यंत सरकलं तर साईझ चुकली. आणि ते घालायचं असतं, मागे दोरीत अडकवायचं नसतं, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

आता या पाण्यातल्या खास गोष्टी, ज्या परदेशी व्हिडिओत तुला कोणी सांगणार नाही.

काठाने शेतकऱ्यांच्या मोटारी असतात. पाणी जसं मागे सरकतं तसे ते पाइप आणि केबल पुढे पुढे ओढत नेतात, जोड मारलेल्या केबली पाण्याजवळून, कधी पाण्यातून गेलेल्या असतात. मोटार दिसली की तिथून लांबूनच जा, तिथे उतरू नको, केबल वल्ह्याने उचलून खालून जायचा शहाणपणा तर अजिबात नको. मी काठाला उतरायची जागा निवडताना सापापेक्षा केबल आधी बघतो.

जाळ्यांचं सोपं आहे. पाण्यावर रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीत दिसले की खाली जाळं आहे. ओळीच्या टोकाकडून वळसा घे. दोन बाटल्यांच्या मधून जायचंच असेल तर वल्हं उचलून नुसतं घसरत जा. अडकलास तर कापायचं नाही, ते कुणाच्या तरी दोन वेळच्या जेवणाचं आहे, शांतपणे सोडव. सकाळी काठावर कोणी जाळंवाले भेटले तर दोन मिनिटं बोल, कुठून कुठे जाणार, कधी येणार सांग. माझा खरा फ्लोट प्लॅन, म्हणजे कुठे जाणार आणि कधी येणार याची कोणाला तरी दिलेली खबर, तोच असतो. घरी बायकोला मेसेज असतोच, तीन वाजेपर्यंत फोन नाही आला तर अमक्याला फोन कर आणि मग ११२, पण पुण्यातून कोणी येईपर्यंत वेळ जातो, काठावरचा माणूस दहा मिनिटांत येतो.

गाळ. काळी माती आहे, पाणी उतरलेल्या काठावर वरून साय धरल्यासारखी वाळलेली दिसते आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. एकटा असताना दोन्ही पाय रुतले की घाबरायला होतं. उतरायच्या आधी वल्ह्याने टोचून बघ, टक् असा आवाज आला तर मुरूम किंवा दगड, आवाजच नाही आला तर गाळ. रुतलासच तर उभ्याने ओढाओढ करू नको, कयाकवर पोटावर आडवा हो आणि पाय हळूहळू मागे काढ. चप्पल तिथेच अर्पण होते, म्हणून पायाला बांधलेले जुने बूट घाल.

वेड्या बाभळीचे काटे आणि हवेचं कयाक यांचं वैर मी वेगळं सांगायला नको. बुडालेल्या झाडांच्या मधून जाताना वर फांद्या दिसतात तेवढ्याच पाण्याखालीही असतात. पंक्चरचं सामान ने, पण पॅच ओल्यावर चिकटत नाही, त्यामुळे दुरुस्ती बेटावर, कोरडं करून. आणि उन्हात बेटावर कयाक ओढून ठेवलंस तर थोडी हवा सोड. सकाळी थंडीत टाइट भरलेली हवा बाराच्या उन्हात फुगते आणि शिवण उसवते. पंक्चरपेक्षा यानेच जास्त कयाक गेलेली बघितलीत मी.

पाणी पिऊ नको, तोंडावर मारू नको, जखम असेल तर झाकून जा. वरून अख्ख्या पुण्या-पिंपरीचं सांडपाणी येतं यात. पिण्याचं चार लिटर घरून. खायला मी शेंगदाण्याची चिक्की, धपाटे, गूळ असलं नेतो, उन्हात खराब होत नाही आणि एका हाताने खाता येतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मानेवर पंचा, सुक्या पिशवीत एक जोड कपडे. जानेवारीत पाणी काही बर्फ नसतं, पण भिजून वाऱ्यात बसलास की अर्ध्या तासात दात वाजायला लागतात आणि बोटांनी गाठ सुटत नाही.

पक्ष्यांबद्दल. फ्लेमिंगो उथळ पाण्यात खात असतात, कयाक आवाज करत नाही म्हणून आपल्याला वाटतं जवळ जावं. जाऊ नको. मान खाली घालून खाणारे पक्षी माना वर करून एका दिशेला चालायला लागले की तू आधीच जास्त जवळ आलायस, तिथेच थांब आणि मागे हो. थवा उडवून व्हिडिओ काढणारे बरेच आहेत, त्यात भर नको. फेब्रुवारीनंतर उघड्या मुरमाड बेटांवर उतरूच नकोस, नदी सुरय आणि आर्ली तिथे जमिनीवरच अंडी घालतात, खड्यांच्या रंगाची असतात, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. सुरय डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागला तर समज की तू त्याच्या घरात उभा आहेस. जानेवारीत हा प्रश्न नाही, चित्रबलाक आणि पट्टेरी हंस निवांत बघ.

धरणाच्या भिंतीकडे जायचं नाही, ते तसंही भिगवणपासून फार लांब आहे. जलाशय जलसंपदा विभागाचा आहे, तेव्हा खासगी बोट घालायला काय परवानगी लागते ते त्यांच्या जवळच्या ऑफिसात आणि ग्रामपंचायतीत आधी विचारून घे. काठावर गाडी लावायची ती कोणाची तरी जमीन असते, तिथेही विचार, चहा पाजतील.

तर दिवस असा कर. आदल्या रात्री भिगवणला मुक्काम, कारण पुण्याहून शंभर एक किलोमीटर पहाटे गाडी हाणून झोपाळलेल्या डोळ्यांनी पाण्यात उतरण्यात अर्थ नाही. सूर्योदय सातच्या जरा पुढे होतो. धुकं असेल तर ते उठेपर्यंत काठावर बस, पर्यटकांच्या मोटारबोटी त्याच वेळी सुटतात आणि धुक्यात त्यांना तू दिसत नाहीस. धुकं नसेल तर सातला पाण्यात, साडेनऊपर्यंत सगळ्यात लांबचं बेट, तिथे अर्धा-पाऊण तास, आणि बारापर्यंत काठाजवळच्या शेवटच्या बेटावर, जिथून काठ चारशे-पाचशे मीटरवर आहे. दुपार तिथे काढ किंवा सरळ गाडीपाशी येऊन झाडाखाली झोप. चारनंतर वारा पडला तर काठाकाठाने अजून तासभर, नाही पडला तर नाही. सहाच्या आत बाहेर. सगळे मिळून दहा-बारा किलोमीटर होतात, आणि ऐकायला कमी वाटले तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसात माऊस धरताना खांदा सांगेल किती झाले ते. संध्याकाळी भिगवणला चिलापी खाऊन जा, तळलेली घे, रश्श्याची नको, प्रत्येकाची आवड वेगळी पण मी तरी असंच सांगेन.

आणि घडी घालायच्या आधी कयाक उलटं करून खाचांमधून हात फिरव. जलपर्णीचा एक तुकडा, मुळाचा एवढासा झुबका जरी अडकून राहिला आणि पुढच्या रविवारी तू तेच कयाक पवनेत घातलंस तर ती तिथे जोमाने वाढते. काठावरच काढ, पाण्यापासून लांब, उन्हात टाक, आणि घरी गच्चीवर दोन दिवस पूर्ण वाळवून मगच पिशवीत भर.